गवत्या : भेकाचं विष पचवणारा हिरवा साप

महाराष्ट्राच्या पठारावर गवत हिरवं असतं ते जेमतेम चार महिने. मृगाच्या पावसानं कोंब फुटतात, श्रावण-भाद्रपदात माळ गुडघाभर वाढतो, दसऱ्याच्या सुमाराला कुसळीवर तांबूस झाक चढते आणि कार्तिक सरता सरता सगळा डोंगर वाळून पिवळा पडतो. पुढचे सात-आठ महिने माळावर हिरव्याचा मागमूस राहत नाही. अशा मुलखात ओल्या गवताच्या रंगाचा एक साप राहतो आणि हा रंग तो वर्षभर बदलत नाही. त्याचं नाव गवत्या. वाळलेल्या माळावर हिरव्या अंगानं त्याचा निभाव लागतो कसा, या प्रश्नापासून त्याची ओळख करून घेणं मला सोयीचं वाटतं. त्याच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी त्या चार महिन्यांना बांधलेल्या आहेत.

कोरड्या दिवसांत गवत्या क्वचितच नजरेला पडतो. दगडांच्या खाली, उंदरांच्या सोडलेल्या बिळांत, जुन्या वारुळांत, बांधाच्या कपारीत तो दडून असतो. पाऊस सुरू झाला की बाहेर पडतो. पहाटे, सकाळची उन्हं कोवळी असताना आणि दिवस कलल्यावर तो फिरताना दिसतो. लोणावळा-खंडाळ्याचा परिसर, महाबळेश्वर, देवळाली, पुण्याभोवतीच्या टेकड्या या त्याच्या ओळखीच्या जागा. देशात इतरत्रही तो पसरलेला आहे, श्रीलंकेतही आहे. दाट जंगलाच्या आतल्या भागापेक्षा त्याला मोकळं कुरण, डोंगरउतार, शेताचा बांध आणि बंगल्याभोवतीची हिरवळ अधिक मानवते. झाडावर चढण्याचा त्याला नाद नाही. त्याचं सगळं चालतं ते जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी.

पावसाशी त्याचं नातं रंगापुरतं नाही. त्याचं अन्नही त्याच दिवसांत वर येतं. गवत्या मुख्यतः भेक खातो. बेडकांपैकी जे कोरड्या जमिनीवर राहतात, ज्यांची कातडी खडबडीत आणि गाठींनी भरलेली असते, उड्या लांब मारता येत नाहीत, ते भेक. उन्हाळाभर हे भेकही मातीत आणि दगडांखाली ओल धरून बसलेले असतात. पहिल्या दमदार पावसानंतर डबक्यांच्या काठी नर ओरडायला लागतात, माद्या गोळा होतात, पाण्यात अंड्यांच्या लांब माळा दिसू लागतात. खाणारा आणि खाल्ला जाणारा एकाच सुमाराला जमिनीबाहेर येतात.

एखादा गवत्या सकाळी पायवाटेच्या कडेला ऊन खात पडलेला दिसला, तर चार पावलं लांब उभं राहून तो नीट पाहून घ्यावा. लांबी साधारण ६० सेंटिमीटर. ९० सेंटिमीटरपर्यंत गेलेला गवत्या मोठा समजायचा. अंग त्या मानानं भरलेलं, शेपूट आखूड. डोकं मानेपेक्षा थोडंसं रुंद, डोळा मोठा, बाहुली गोल. पाठ एकसारखी हिरवी, ओठांच्या कडा आणि हनुवटी पांढुरकी, पोट फिकट. अंगावर चकाकी मात्र नसते. याचं कारण खवल्यांत आहे. प्रत्येक खवल्याच्या मधोमध एक बारीक उभी धार असते. धामणीची पाठ सकाळच्या उन्हात तकतकते, तशी गवत्याची तकतकत नाही; या असंख्य धारांवर उजेड विखुरतो आणि साप मळकट, मखमली हिरवा दिसतो. गवताच्या पात्यालाही अशीच मधली शीर असते, त्यामुळे दवानं भिजलेल्या कुरणात तो हलला नाही तर नजर त्याच्यावरून सरकून जाते.

हा हिरवा रंग कसा तयार होतो हे समजून घेण्यासारखं आहे. हिरवा पाला खाणाऱ्या काही अळ्यांचा हिरवेपणा अन्नातून येतो. सापाच्या कातडीत मात्र हिरवं रंगद्रव्य नसतंच. कातडीत रंगपेशींचे थर असतात. एका प्रकारच्या पेशींत पिवळं रंगद्रव्य असतं. त्यांच्याखालच्या पेशींत रंगद्रव्य नसून अतिशय पातळ स्फटिक रचलेले असतात आणि त्यांच्यावरून प्रकाशातला निळा भाग परत फिरतो. तो निळा प्रकाश वरच्या पिवळ्या थरातून बाहेर पडताना आपल्याला हिरवा दिसतो. सगळ्यात तळाशी काळ्या पेशी असतात, त्या उरलेला उजेड शोषून रंग गडद करतात. यातला पिवळा थर नाजूक असतो. मेलेला साप मद्यार्कात ठेवला की पिवळं द्रव्य विरघळून जातं. म्हणूनच संग्रहालयाच्या बरणीतला गवत्या हिरवा नसतो, शिशासारखा करडा-निळा दिसतो. उत्तर अमेरिकेच्या कुरणांत राहणारा, किडे आणि कोळी खाऊन जगणारा गुळगुळीत अंगाचा हिरवा साप तर मेल्यावर थोड्याच वेळात निळा पडतो. त्याचं आणि गवत्याचं जवळचं नातं नाही. पण हिरवा रंग घडवण्याची रीत दोघांचीही हीच.

शास्त्रीय जगाला गवत्याची ओळख १८३९ साली झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत थिओडोर कँटर नावाचे डॅनिश डॉक्टर होते. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच हे त्यांचे मामा. कँटर यांनी भारतातल्या सापांवर लिहिलेल्या लेखात माळवा-सागर भागातून मिळालेल्या या सापाचं वर्णन केलं आणि त्याला पाणसापांच्या कुळात बसवलं. ते बसवणं एका अर्थी बरोबर होतं. गवत्याचे जवळचे नातलग म्हणजे आपली पाणदिवड, आपली नानेटी. डबक्यात मासे-बेडूक धरणाऱ्या सापांच्या घराण्यातला हा भाऊ कोरड्या माळावर येऊन राहिला. पुढे त्याला मागच्या मोठ्या दातांवरून वेगळी प्रजाती मिळाली आणि ती शंभराहून अधिक वर्षं टिकली. २०१८ साली डीएनएच्या आधारे या सगळ्या गटाची मांडणी पुन्हा झाली, तेव्हा गवत्या ऱ्हॅब्डोफिस या आशियाई प्रजातीत गेला. हा बदल केवळ कागदावरचा नाही. ऱ्हॅब्डोफिस हे नाव सापांच्या अभ्यासकांना एका विलक्षण गोष्टीसाठी ठाऊक आहे. त्याकडे येण्याआधी गवत्याच्या पिल्लाबद्दल सांगायला हवं, कारण माणसाच्या हातून जास्त घोटाळा होतो तो पिल्लाच्या बाबतीत.

मादी एका वेळी दहा-पंधरा अंडी घालते आणि पावसाळ्यात पिल्लं फिरताना दिसतात. पिल्लू मोठ्यासारखं एकरंगी नसतं. त्याच्या मानेवर उलट्या व्हीच्या आकाराची ठसठशीत काळी खूण असते, तिच्याभोवती पिवळा किंवा नारिंगी रंग, अंगावर काळे ठिपके-पट्टे आणि डोळ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत एक काळी तिरपी रेघ. वय वाढेल तशा या खुणा पुसट होतात. पुष्कळ मोठ्या गवत्यांत त्या अजिबात राहत नाहीत. हातभरही नसलेलं असं पिल्लू डिवचलं गेलं की मान उचलतं, चपटी करतं, आणि मानेवरची ती खूण एकदम रुंद होऊन समोर येते. बघणाऱ्याला वाटतं, नागाचं पिल्लू. पावसाळ्यात घराच्या ओट्यावर, बागेत, शाळेच्या आवारात निघालेली अशी कितीतरी पिल्लं नागाच्या नावाखाली ठेचली जातात. हे मला फार लागतं. नागाच्या पिल्लालाही मारायचं कारण नाही, ते वेगळं; पण इथं तर ज्या प्राण्याकडे माणसाला इजा करण्याचा विचारही नाही, तो केवळ स्वतःला वाचवण्याच्या धडपडीमुळे मारला जातो.

मोठा गवत्या ओळखायला अवघड नाही. आपल्याकडे हिरवे साप मोजकेच आहेत. हरणटोळ हिरवा असतो, पण तो चाबकाच्या वादीइतका बारीक, तोंड लांब टोकदार, डोळ्याची बाहुली आडवी. तो झाडाझुडपांवर राहतो. सह्याद्रीतला चापडाही हिरवा असतो. त्याचं डोकं मोठं त्रिकोणी, मान बारीक, बाहुली उभी, आणि तो विषारी आहे. करवंदीच्या जाळीत, बांबूच्या बेटात, ओढ्याकाठच्या फांदीवर तो तासन्‌तास न हलता बसून राहतो. गवताळ जमिनीवर, उघड्यावर, जाड अंगाचा, गोल बाहुलीचा, मळकट हिरवा साप चालत निघालेला असेल तर तो बहुधा गवत्या. कधीकधी पाणदिवडीतही हिरवट रंगाची जनावरं निघतात. तिच्या अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतात आणि डोळ्याखाली दोन काळ्या रेघा. स्वभावात तर जमीन-अस्मानाचं अंतर. पाणदिवड हात लावायचा अवकाश की चावते. गवत्याला चावणं जवळजवळ माहीतच नाही.

आता भेकाकडे वळू. आपल्या परसात, नळाच्या ओलीत, रस्त्याच्या दिव्याखाली किडे टिपत बसलेला जो खडबडीत भेक दिसतो, त्याच्या डोळ्यांच्या मागे दोन लांबट फुगीर गाठी असतात. त्या दाबल्या गेल्या की दुधासारखा पांढरा चिकट द्राव बाहेर येतो. कुत्र्यानं भेक तोंडात धरला की तो लगेच टाकून देतो, तोंडाला फेस येतो, कधी त्याहून वाईटही होतं. या द्रावातली मुख्य विषं ब्युफाडायेनोलाइड नावाच्या गटातली आहेत. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणावर सोडियम बाहेर टाकणारे आणि पोटॅशियम आत घेणारे पंप अखंड चालू असतात. हृदयाचे ठोके त्यांच्यावर अवलंबून असतात. भेकाचं विष नेमकं या पंपाला जाऊन चिकटतं आणि तो बंद पाडतं. हृदयाची लय बिघडते, मात्रा जास्त असेल तर ते थांबतं. कण्हेरीचं विष याच पंपावर काम करतं, आणि हृदयरोग्यांना अगदी मोजून मापून दिलं जाणारं डिगॉक्सिनही यावरच. भेकाचं विष कसल्या दर्जाचं आहे, याची यावरून कल्पना यावी.

गवत्या असे भेक गिळून जगतो. भेक खाणाऱ्या सापांच्या शरीरातल्या त्या पंपाची घडण थोडी वेगळी असते. ज्या जागी विष येऊन चिकटायचं, तिथले प्रथिनाचे एक-दोन दुवे बदललेले असतात, त्यामुळे विषाची पकड बसत नाही आणि पंप चालू राहतो. खुद्द भेकाचा पंपही असाच असतो, एरवी तो स्वतःच्याच विषानं मेला असता. हा बदल पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासातून आलेला आहे. जिथं भेक कधी नव्हतेच, तिथं तो नसतो. मादागास्करमध्ये पूर्वी भेक नव्हते. आपल्याकडचाच, काळ्या ठिपक्यांचा आशियाई भेक जहाजांवरच्या मालाबरोबर तिथल्या टोआमासिना बंदराच्या परिसरात पोहोचला आणि २०१४ साली ही गोष्ट उघडकीला आली. पुढे तिथल्या साप, सरडे, पक्षी, सस्तन प्राण्यांच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ सगळे या विषापुढे असहाय आहेत असं दिसलं. आपल्या अंगणात रोज जो भेक दिसतो त्याला खाणं ही त्यांच्या दृष्टीनं जिवावरची गोष्ट. गवत्या, पाणदिवड, नाग असे साप आपल्याकडे हे काम मुकाट्यानं करत आले आहेत.

भेक धरणं मात्र विष पचवण्यानंच संपत नाही. साप जवळ आला की भेक हवा भरून घेतो, अंग फुगवतो, चारी पायांवर उंच होतो. पायांवर उचललेला तो गोळा अरुंद तोंडाच्या सापाला गिळता येणं अवघड. गवत्याच्या वरच्या जबड्यात, अगदी मागे, इतर दातांपेक्षा बरेच मोठे दात असतात. फुगलेल्या भेकाला टोचून त्यातली हवा सोडवायला त्यांचा उपयोग होतो, असं अभ्यासक मानत आले आहेत. घसरडं, धडपडणारं भक्ष्य घट्ट धरून घशाकडे ढकलायलाही ते कामी येतात. गवत्या भेकाला विळखा घालून आवळत नाही. धरतो आणि जबड्याची एक बाजू, मग दुसरी, अशी आळीपाळीनं पुढे सरकवत जिवंतच गिळत जातो. भेकाच्या पाठीवरून पांढरा द्राव सापाच्या ओठांवर येतो, तरी तो थांबत नाही. गिळून झाल्यावर मानेपासून पुढे सरकत जाणारा फुगवटा बाहेरून स्पष्ट दिसतो. अशा वेळी त्याला त्रास दिला तर तो घाबरून सगळं ओकून टाकतो आणि मिळालेलं मोठं अन्न त्याच्या हातचं जातं. फोटो काढणाऱ्यांनी एवढं जरूर लक्षात ठेवावं.

अमेरिकेत नाकाचं टोक वर वळलेला एक साप आहे, हेटेरोडॉन नावाचा. तोही भेकच खातो, त्याचेही मागचे दात मोठे असतात, डिवचल्यावर तोही मान चपटी करून फणा काढल्याचा आव आणतो. गवत्याशी त्याचं घराणं जुळत नाही. दोघांमध्ये महासागर आहेत. एकच भक्ष्य खायचं ठरल्यावर दोन वेगळ्या घराण्यांतले साप इतके सारखे घडावेत, याचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

आता त्या विलक्षण गोष्टीकडे. १९३५ साली नाकामुरा या जपानी संशोधकांना यामाकागाशी नावाच्या तिथल्या सापाच्या मानेच्या कातडीखाली ग्रंथींच्या जोड्या आढळल्या. हा सापही ऱ्हॅब्डोफिस, म्हणजे गवत्याचा भाऊबंद. या ग्रंथी इतर कुठल्या ग्रंथींसारख्या नव्हत्या. त्यांना नळी नाही, बाहेर उघडणारं तोंड नाही, द्राव तयार करणाऱ्या पेशींचं नेहमीचं अस्तरही नाही. मान दाबली गेली की वरची कातडी फाटते आणि आतला द्राव थेट उडतो. माणसाच्या डोळ्यात तो गेला तर डोळ्याला इजा होते. तो द्राव तपासल्यावर त्यात निघाली ती भेकाच्याच विषाच्या गटातली द्रव्यं.

साप ती स्वतः तयार करतो की भेकाकडून घेतो? जपानच्या दोन बेटांनी याचं उत्तर दिलं. इशिमा बेटावर भेक भरपूर आहेत. किन्कासान बेटावर एकही नाही. डेबोरा हचिन्सन आणि त्यांच्या जपानी-अमेरिकी सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इशिमाच्या सापांच्या मानेत विष भरपूर सापडलं, किन्कासानच्या सापांच्या मानेत ते नव्हतं. प्रयोगशाळेत अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांना भेक खायला दिले की त्यांच्या ग्रंथींत विष साठायला लागे. भेक न मिळालेल्यांच्या ग्रंथींत ते येत नसे. एवढंच नव्हे, तर जिच्या अंगात भरपूर विष आहे अशी मादी ते आपल्या अंड्यांतून पिल्लांनाही देते. पहिला भेक धरायच्या आधीच पिल्लाजवळ आईनं दिलेली ठेव असते. वागणुकीतही फरक पडतो. भेक असलेल्या बेटावरचा साप शत्रू समोर आला की मान वाकवून, मानेचा मागचा भाग त्याच्या पुढ्यात धरतो, कधी तो मानेनंच ढुसण्या देतो. भेक नसलेल्या किन्कासानवरचे साप बहुतांशी पळून जाणं पसंत करतात.

गवत्याच्या मानेतही अशा ग्रंथी असतात. २०१८ सालच्या मांडणीत त्याला या घराण्यात आणताना त्याच्या डीएनएबरोबर या ग्रंथींचाही विचार होता. तेव्हा गवत्या मान उचलून चपटी करतो, त्याकडे नुसती नागाची नक्कल म्हणून पाहता येत नाही. मान हा त्याच्या अंगाचा साधा भाग नाही.

या घराण्याची आणखी एक शाखा नैऋत्य चीनमध्ये आहे. तिथल्या काही सापांनी बेडूक-भेक सोडून गांडुळं खायला सुरुवात केली. गांडुळात हे विष नसतं. तरी या सापांच्या मानेत ब्युफाडायेनोलाइड सापडलं, आणि ते कुठून येतं हे २०२० साली उलगडलं: काजव्यांच्या अळ्यांतून. काजव्यांच्या काही जातींच्या अंगात याच गटातलं विष असतं. गांडुळांवर आलेल्या या सापांनी भेक सोडला, पण त्याचं विष सोडलं नाही. ते मिळवायला काजवा शोधून काढला.

इतकं सगळं वाचल्यावर मनात प्रश्न येईल की मग गवत्याला निरुपद्रवी म्हणायचं का. मी म्हणतो, हो, आणि जरा सावधपणे म्हणतो. सापांच्या नेहमीच्या वर्गवारीत तो बिनविषारी आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यासारखे विषाचे पुढचे दात त्याला नाहीत. पकडला गेला तरी तो बहुधा तोंड उघडत नाही. अंग फुगवतो, मान चपटी करतो, फुत्कारतो आणि वाट मिळेल तिकडे निघून जातो. तरीही त्याच्याच घराण्यातल्या यामाकागाशीच्या मागच्या दातांच्या चाव्यानं रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि जपानमध्ये त्यानं माणसं दगावली आहेत. पूर्वी हा साप बिनविषारी समजून मुलं हातात घेत. म्हणून गवत्या गरीब आहे, हे धरायला किंवा मुलाच्या गळ्यात घालून फोटो काढायला कारण ठरू नये. सर्पमित्र म्हणवणाऱ्या काहींना हा मोह आवरत नाही, आणि त्यांना हे परखडपणे सांगायला हवं. साप ओळखता येत नसेल तर कुणाचाही चावा विषारी समजून थेट रुग्णालय गाठावं. ओळख पटवत बसू नये.

गवत्याला नैसर्गिक शत्रू कमी नाहीत. माळावर घिरट्या घालणारा सापमार गरूड, मोर, मुंगूस, नाग, सगळे त्याला खातात. हे चालत आलेलं आहे आणि हिरवा रंग, मानेची ती ढब या त्याच्यावरच्याच तोडी आहेत. माणसापुढे मात्र यातलं काही चालत नाही. रंगामुळे तो गवत कापणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही. विळ्यानं कापणी व्हायची तेव्हा माणूस खाली वाकलेला असे, हातानं मूठ धरून कापत असे, सापाला सरकायला वेळ मिळत असे. आता कंबरेला अडकवलेलं कापणीचं यंत्र एका फटक्यात हातभर रुंदीचा पट्टा साफ करतं आणि गवत्याची सवय अशी की धोका जाणवला की तो आधी जागच्या जागी थिजतो. दिव्यांचंही तसंच. रस्त्याच्या दिव्यांखाली किडे, किड्यांमागे भेक, भेकांमागे गवत्या, आणि पावसाळी रात्री घाटमाथ्याच्या रस्त्यांवर गाड्यांची रांग.

पण या सगळ्यांहून मोठी गोष्ट जमिनीची आहे. इंग्रजांच्या महसुली हिशेबात ज्या जमिनीतून सारा किंवा लाकूड मिळत नाही ती पडीक ठरली, आणि ती नजर अजून गेलेली नाही. मारवेल, पवना, कुसळी यांनी भरलेला माळ हा आपल्या सरकारी नकाशांत आजही बऱ्याच ठिकाणी पडीक म्हणून रंगवलेला असतो. मग तिथं कारखाना येतो, बंगल्यांचे भूखंड पडतात, सौर पट्ट्या बसतात. जिथं यातलं काही येत नाही, तिथं भल्या मनानं झाडं लावली जातात. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पाहा. उंदीरमारीची एकसुरी लागवड वाढली, सावली दाटली आणि खालचं गवत गेलं. झाड लावणं हे पुण्यकर्म मानणाऱ्या आपल्याला गवत वाचवणं हेही तसंच काम आहे, हे पटवून घ्यायला जड जातं. माळढोक, तणमोर, लांडगा यांच्या निमित्तानं माळरानाचा विषय थोडाफार निघतो. नान्नजच्या माळरानाला माळढोकामुळे संरक्षण मिळालं. गवत्याच्या नावानं कुणी अभयारण्य काढणार नाही, आणि त्याची गरजही नाही. त्याला लागतो तो दगडाधोंड्यांसकट राखलेला एखादा बांध, न पेटवलेला उतार, पावसात साचणारं डबकं.

पूर्वी पुष्कळ गावांत गवताची राखण होत असे. दिवाळीपर्यंत त्यात गुरं सोडायची नाहीत, मग कापणी, आणि कापणीनंतरही कडेनं गवताच्या पट्ट्या राहायच्या. नागपंचमीला जमीन नांगरायची नाही, विळा-कोयता चालवायचा नाही हा रिवाज अनेक घरांत आजही पाळला जातो, आणि तो पडतो नेमका श्रावणात, जेव्हा गवत्या आणि त्याची पिल्लं गवतात सर्वांत जास्त असतात. फाल्गुनात लागणारे वणवे मात्र दर वर्षी वाढताहेत. पुढच्या वर्षी गवत जोमानं येईल या समजुतीनं कुणी पेटवतो, कुणी शिकारीसाठी, कुणाची विडी पडते. बिळात खोल असलेला साप वाचतो. दगडाच्या आडोशाला उथळ जागेत दडलेला होरपळतो.

घराजवळच्या हिरवळीत गवत्या निघाला तर करण्यासारखं फार थोडं आहे. कुत्रा-मांजर आत घ्यावं, मुलांना लांबून दाखवावं, आणि त्याला गवताच्या दिशेनं वाट मोकळी ठेवावी. पाच-दहा मिनिटांत तो आपणहून जातो. पावसाळ्यात यंत्रानं गवत कापायचं असेल तर आधी काठीनं गवत हलवत एक फेरी मारावी आणि कापणी घराकडून सुरू करून बाहेरच्या बाजूला न्यावी, म्हणजे आत असलेल्या जनावराला कुंपणाकडे सरकता येतं. सोसायटीच्या माळ्याला हे एकदा समजावून सांगितलं की तो पाळतो. त्यालाही साप यंत्रात सापडलेला बघवत नाही.